वळणावरची वस्ती

झाकायला घातलेली जुनी चादर प्रियदर्शनीनं उचलली आणि तिचा हात तसाच वर राहिला. स्टेशन होतं. शाळा होती, चावडी होती, गुऱ्हाळ होतं, देवळाचा कळस होता. रुळांच्या वळणाला लागून तिनं मांडलेली वस्ती मात्र नव्हती. तिथं आंब्याची हिरवीगार बाग उगवली होती.

बाग म्हणजे परदेशी खोक्यातली तयार झाडं. तारेच्या खोडावर रंगवलेल्या स्पंजाचा भुगा. घाईघाईत रोवलेली, एक तर चक्क तिरपं. खाली हिरवा भुसा पसरला होता आणि त्याच्या कडेनं प्लॅस्टर उचकटल्याचे पांढरे ओरखडे दिसत होते.

"अविराज!" तिनं आत बघून हाक मारली. एरवी ती साहेब म्हणायची.

बारामतीतल्या ह्या बंगल्यात ती पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर. अविराज हा बागायतदार घरातला तिशीचा पोरगा. द्राक्षांच्या निर्यातीच्या निमित्तानं जर्मनीला गेला आणि येताना विजेवर चालणारी छोटी आगगाडी, रूळ आणि घरं जोडायच्या सामानाची खोकी घेऊन आला. आजोबांना, म्हणजे अप्पांना, पंचाहत्तर पूर्ण होणार होती. अप्पा मूळचे कळंबचे. त्यांच्या तरुणपणी शिवारातून कारखान्याची उसाची गाडी जायची. ते सगळं कळंब प्लायवूडच्या मोठ्या फळीवर उभं करायचं आणि वाढदिवसाला त्यातून गाडी फिरवायची, असं अविराजच्या डोक्यात होतं. पहिलं स्टेशन त्यानं स्वतःच जोडायला घेतलं. भिंती तिरक्या चिकटल्या, छप्पर बसेना आणि खिडक्यांच्या काचांवर त्याच्या अंगठ्याचे ठसे कायमचे उमटले. मग कुणीतरी त्याला हायस्कूलच्या ड्रॉइंगच्या बाईंचं नाव सांगितलं.

प्रियदर्शनीनं ते बिघडलेलं स्टेशन घरी नेलं होतं. बारीक पात्यानं जोड कापले, कडा पॉलिश पेपरनं घासल्या. सुटे भाग ज्या चौकटीला लागून येतात, त्या चौकटीचे उरलेले तुकडे थिनरमध्ये विरघळवून तिनं त्याच प्लॅस्टिकची लापशी केली आणि फटी बुजवल्या. खिडकीच्या काचा वहीच्या पारदर्शक कव्हरच्या कापून बसवल्या. स्टेशन उभं राहिलं तेव्हा तिला स्वतःलाच गंमत वाटली. छत्तिसाव्या वर्षी आपण जमिनीवर पालथं पडून एका चिमुकल्या दारातून आत बघतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसली. मग तिनं बाकीची खोकी मागून घेतली. जर्मन घरांची उतरती छपरं कापून तिनं धाब्याची घरं केली. एका दुकानाची चावडी झाली. जे खोक्यात नव्हतं ते जाड कागदातून आलं. मोबदला तिनं नको म्हटलं. वाढदिवस झाला की हे सगळं आमच्या शाळेत ठेवायचं, एवढंच कबूल करून घेतलं.

आणि शेवटी तिनं वस्ती केली. आपली. तिचे वडील ज्ञानदेव उसाच्या गाडीच्या इंजिनात कोळसा टाकायचं काम करत. वळण कुठं होतं, गाडी कुठं हळू व्हायची, पोरं डब्यातून ऊस कुठं उपसायची, हे सगळं त्यांनीच सांगितलं. वळणाला लागून वस्ती होती. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी कंगव्यावर दाबून तिनं पत्रे केले. विहार केला, पांढराशुभ्र, पुढं कमान, वर निळा झेंडा. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या माणसांनी डोक्यावर दगड वाहून तो विहार बांधला होता. ज्ञानदेव त्यात होते. मागच्याच रविवारी अविराजच्या डोळ्यांदेखत तिनं ती घरं चिकटवली होती आणि तो म्हणाला होता, "मॅडम, कमाल आहे!"

आता तो चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"मॅडम, मी शाळेत फोन करणारच होतो."

"वस्ती कुठं आहे?"

"आहे, आहे. जपून ठेवलीय." त्यानं फळीखालून बुटांचं खोकं ओढून तिच्यापुढं धरलं.

घरं एकात एक कोंबली होती. पत्रे चेपले होते. विहाराची कमान मधोमध तुटली होती आणि भिंतींच्या बुडाला प्लॅस्टरची ढेकळं तशीच लटकत होती. कुणीतरी मुळासकट ओढून काढावं तशी काढली होती.

"हे जपून?"

"तसं काही मनात आणू नका. जागा जरा कमी पडत होती."

"जागा तेवढीच आहे. घरं काढून तिथं झाडं लावलीत तुम्ही."

अविराजनं आत बघत आवाज खाली आणला. "अप्पांना नको होतं. त्यांचा दिवस आहे, मॅडम. एवढं समजून घ्या. तुम्ही तर शिकलेल्या आहात."

ह्या शेवटच्या वाक्यानं तिच्या कानशिलांत रक्त चढलं. शिकलेल्या माणसानं गप्प बसायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. खोकं काखेत मारून ती सरळ व्हरांड्यात गेली. अप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"अप्पा, वस्ती का काढायला लावली?"

"बस की बाई. चहा घेतलास का?"

"चहा नको. वस्ती का काढली?"

अप्पांनी पेपर मांडीवर ठेवला. त्यांना राग आला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "हे बग, मला आठवतं त्ये गाव हितं मांडायचं, असं ठरलंय."

"तुम्हाला वस्ती आठवत नाही?"

"आठवती की. पर ती गावात कुठं हुती? गावाभायेर हुती. गावाच्या देखाव्यात गावाभायेरचं कशाला?"

"स्टेशन गावाबाहेर होतं. ते आहे. तुमचं गुऱ्हाळ गावाबाहेर होतं. ते आहे."

"आता तू शब्दात धरनार." अप्पांनी चष्मा काढला. "चार मोठी मानसं येनार. त्या दिवशी हे इषय नकोत मला. आमी कुनाचं वाईट केलं न्हाय. तुज्या बापाला मुद्दाम बोलावलाय. गाडी त्याच्याच हातानं चालू करायची हाय, शाल घालायची हाय. अजून काय पायजे?"

"वडिलांना," ती म्हणाली.

"आं?"

"बापाला नाही. वडिलांना बोलावलंय, म्हणा."

एवढंच तिच्या तोंडून निघालं. ती तरातरा पायऱ्या उतरली. स्टँडवर कळंबची गाडी लागलेली होती. खिडकीपाशी बसल्यावर एकेक धारदार उत्तर सुचायला लागलं. भवानीनगर मागं पडेपर्यंत तिनं मनातल्या मनात अप्पांना चारदा गार केलं होतं. त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

शेजारच्या बाईनं मांडीवरच्या खोक्याकडं बघून विचारलं, "बूट घेतलं का?"

"घरं आहेत," प्रियदर्शनी इतक्या जोरात म्हणाली, की बाई सावरून पलीकडं सरकली.

घरी ज्ञानदेव ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. सकाळी बाजाराला न्यायच्या होत्या. तिनं खोकं त्यांच्यापुढं ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी येईल, असं तिला वाटलं होतं. त्यांनी खोक्यात हात घालून मोडकी कमान बाहेर काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि तिच्याकडं असं बघितलं, की ती एक पाऊल मागं सरली.

"आन् तू उचलून आनलीस?"

"मग काय तिथं ठेवू?"

"त्यांनी काढली हुती फळीवरनं. बंगल्यात तरी हुती. तू तितनंबी उचलून घरी आनलीस. त्यांचं उरल्यालं काम तूच केलंस की, दर्शने!"

"आबा, मला तिथं उभं राहवेना."

"माजा बाप त्या बंगलेवाल्यांच्या बांधाला आयुष्यभर उभा राह्यला. तुला घटकाभर राहवंना?" त्यांनी हातातली जुडी टोपलीत आपटली. "रागावून निघून यायचं काय, कुनालाबी येतं. आपलं कितीजन रागावून पुन्याला गेलं, म्हमईला गेलं. गाव तसंच ऱ्हायलं."

"तुम्ही जाणार आहात शाल घ्यायला?" तिनंही आवाज चढवला. "ज्यांनी आपलं घर उपटलं, त्यांच्या हातून?"

"जानार म्हंजी! गाडी मीच चालू करनार हाय." ते म्हणाले. "आन् ही घरं जोड आदी. डिकानं चिकटवलीस म्हनून निगाली. खाली फळी घाल. स्क्रू मार."

रविवारी सकाळपासून दोघं ओट्यावर बसली. एकमेकांशी धड बोलत नव्हती. तिनं भिंतीखालची ढेकळं पात्यानं सोलली, तुटलेली कमान मागून कागदाची पट्टी देऊन सांधली, वर पांढरा रंग दिला. चेपलेले पत्रे सरळ होईनात, तेव्हा ते फेकून नवे केले. ज्ञानदेवांनी प्लायवूडचा तुकडा वळणाच्या आकारात कापून घासला. मध्येच ते म्हणायचे, "आडाचं तोंड एवढं मोटं न्हवतं." ती म्हणायची, "मला माहितीय." राग तसाच होता, पण हात चालत होते. दुपारपर्यंत अख्खी वस्ती एका फळीवर घट्ट बसली. हलवून बघितली तरी एक भिंत हलली नाही.

वाढदिवसाला बंगल्यापुढं मांडव होता. दिवाणखान्यात मधोमध ते छोटं कळंब आणि भोवती खुर्च्या. पुढच्या रांगेत अप्पा, शेजारी त्यांची बायको द्वारकाबाई, मग पाहुणे. प्रियदर्शनीच्या हातात कापडी पिशवी बघून अविराजचा चेहरा खुलला. बाई राग विसरून आल्या, असं त्याला वाटलं असावं. त्यानं ज्ञानदेवांना हाताला धरून पुढं नेलं आणि माइकवर सांगितलं, की उसाच्या गाडीवर ज्यांनी उभी हयात घालवली ते आज आपल्या हातानं गाडी सुरू करतील. टाळ्या झाल्या. अविराजनं त्यांचा हात काळ्या बटणावर नेला.

ज्ञानदेवांनी हात मागं घेतला.

"मी ह्या गाडीवर कोळसा वढला," ते म्हणाले. माइकची गरज नव्हती. इंजिनाच्या धडधडीवर बोलायची सवय लागलेला आवाज होता तो. "सांजच्याला पाळी सुटली की वळनावर उतरायचो. उतरून कुटं जायचो, अविराजराव? ह्या आंब्याच्या झाडावर?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आबा, आपण नंतर बोलू..." अविराज पुटपुटला.

"नंतर न्हाय. दर्शने, आन."

प्रियदर्शनीनं पिशवीतून वस्ती काढली. झाडं उपटायला तिला क्षणही लागला नाही. ती वरवरच रोवलेली होती. एकेक झाड तिनं अविराजच्या हातात दिलं, आणि तोही ओशाळून घेत गेला. भुसा हातानं झटकला. फळी ठेवून ती वाकली आणि पेचकसानं पहिला स्क्रू पिळायला लागली. दिवाणखान्यात फक्त लाकडात शिरणाऱ्या स्क्रूची करकर ऐकू येत होती.

"हे काय चाललंय माज्या घरात?" अप्पा खुर्चीतून उठले. "ज्ञानदेव, तुला मान द्यायला बोलावला. तमाशा करायला न्हाय."

"मान मला देताय, आन् घर माजं पुसताय," ज्ञानदेव म्हणाले. "ह्यातलं एकच कायतरी करा, अप्पा."

अप्पांनी तोंड उघडलं, पण आधी द्वारकाबाई बोलल्या. जाड भिंगांमधून त्या वस्तीकडं टक लावून बघत होत्या. "आवं, खरंच हाय की. हितं ताईबाईचं घर हुतं. ज्ञानदेवच्या आईचं. माजी तिन्ही बाळंतपनं तिनंच केली. रात म्हनली न्हाय, पाऊस म्हनला न्हाय. तिचं घर काढू नगा. ऱ्हाऊ द्या."

पाहुण्यांच्या माना हलल्या. हवा सैल झाली. एक बाई तर हळवी होऊन "वा" म्हणाली. सगळ्यांना सुटका मिळाल्यासारखं झालं, आणि नेमकं तेच प्रियदर्शनीला सोसवेना. ती पेचकस हातात घेऊन सरळ उभी राहिली. म्हातारीचा जीव चांगला होता, हे तिला कळत होतं. तरीही तिनं बोलायचं थांबवलं नाही.

"आजी, माझ्या आजीनं तुमची बाळंतपणं केली म्हणून तिचं घर इथं नाही. नसती केली, तरी घर तिथंच होतं. शेजारी फुलाबाईंचं होतं, त्यांनी तुमचं काही केलं नाही. तेही तिथंच होतं. ते होतं, म्हणून इथं आहे. दुसरं काही कारण लागत नाही."

द्वारकाबाईंना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पदर तोंडाला लावला. प्रियदर्शनी पुन्हा वाकली आणि उरलेले स्क्रू पिळून झाल्यावरच उठली.

अप्पा काठी टेकत आतल्या खोलीत निघून गेले. दार बंद झालं. अविराज हातात आंब्याची बाग घेऊन तसाच उभा होता. ज्ञानदेवांनी पुढं होऊन बटण फिरवलं. गाडी स्टेशनातून निघाली, गुऱ्हाळावरून गेली आणि वळणावर आल्यावर त्यांनी ती इतकी हळू केली, की एकेक डबा वस्तीपुढून मोजून जावा. मग पुन्हा वेग दिला. टाळ्या वाजल्या, पण तुटक. वाजवाव्यात की नाही, हे लोकांना ठरवता येत नव्हतं. शाल टेबलावर घडी घातलेलीच राहिली. बाप-लेक जेवायला थांबली नाहीत.

ह्याचे परिणाम व्हायचे ते झालेच. शाळेत ते छोटं कळंब आलं नाही. हेडमास्तरांनी बोलावून, इकडंतिकडंचं बोलून, शेवटी विचारलं, "मॅडम, एवढं ताणायची गरज होती का?" ती म्हणाली, "होती," आणि वर्गावर गेली. वर्षानुवर्षं तिच्याकडं असलेलं प्रदर्शनाचं काम त्या वर्षी दुसऱ्या शिक्षकांना मिळालं. स्टाफरूममध्ये ती आली की काही जणांचं बोलणं थांबायचं. ते थांबलं की ती मुद्दाम तिथंच बसून डबा खायची.

उन्हाळ्यात एकदा अविराजची जीप कळंबला ओट्यापुढं येऊन थांबली. त्याच्या हातात स्टेशन होतं. छप्पर सुटलं होतं आणि एक भिंत फुगली होती.

"मॅडम, पोरांनी हात लावला. जरा बघता का?"

"वस्ती आहे?" तिनं विचारलं.

"आहे. अप्पा म्हणाले होते काढ. आजी म्हणाली, माझ्या ताईबाईचं घर काढशील तर बघ."

म्हणजे वस्ती राहिली होती ती पुन्हा त्याच कारणानं. प्रियदर्शनीला हसावं की ओरडावं कळेना. "कबूल केल्याप्रमाणं ते शाळेत आणून ठेवा. तिथं मी दुरुस्त करते."

"अप्पा नाही म्हणतात."

"मग तुमचं तुम्ही जोडा."

"तुम्ही अजून रागावलेल्याच आहात," अविराज अगदी मनापासून वाईट वाटल्यासारखा म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "आहे."

जीप धूळ उडवत गेली. त्याच आठवड्यात तिनं सुताराकडून चांगलं जाड प्लायवूड आणलं, आणि विहाराच्या सभागृहात एका कोपऱ्यात नवी वस्ती मांडायला घेतली. ह्या वेळी मोठी, एकेक घर हातभर. कुणाच्या घरात कुठं चूल होती, ते दिसावं अशी. बायका दुपारी येऊन बघायला लागल्या आणि भांडणं सुरू झाली. फुलाबाई तर पहिल्याच दिवशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माजं दार हिकडं न्हवतं."

"मावशी, आबांनी असंच सांगितलं."

"तुज्या आबाला काय ठावं? त्यो दिसभर गाडीवर. माजं दार उगवतीला हुतं. उनं पार चुलीपतुर यायची. बदल."

"रंगसुद्धा देऊन झालाय, मावशी."

"मंग काय झालं? पन्नास वर्सं मी त्या दारातनं आत-भायेर केलंय. भिताडातनं केलं व्हय? बदल म्हनते ना!"

प्रियदर्शनीनं पातं उचललं, वाळलेल्या भिंतीच्या जोडात घातलं आणि ती भिंत कापायला लागली. फुलाबाई शेजारी मांडी घालून बसल्या आणि दार कुठवर पाहिजे ते बोटानं दाखवत, रागारागानं बोलत राहिल्या.